पदपथावरील खासगी ताबा

(पुणे येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

विषयाचे नाव ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू आले, हे मी पाहिले. काल आपण श्रमसंहितांवर आणि महागाईवर बोललो. आज मोटारी कोठे उभ्या कराव्यात यावर बोलायचे? हा प्रश्न वाहतूक पोलिसांचा, फार तर वर्तमानपत्राला पत्रे लिहिणाऱ्या निवृत्त गृहस्थांचा, अशी आपली एक समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे. रस्त्याच्या कडेला मोटार उभी करणे म्हणजे सार्वजनिक जमिनीचा एक तुकडा काही तासांसाठी, पुष्कळदा रात्रभर, खासगी ताब्यात घेणे होय. आणि जमिनीचा ताबा कोणाकडे, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई. खडकीचे दारूगोळा कारखाने, पिंपरीचा अँटिबायोटिक्सचा कारखाना, पुढे चिंचवड-आकुर्डीचे मोटारींचे कारखाने यांतील पाळ्या सुटल्या की रस्ताभर सायकलींचा लोंढा वाहत असे. जेवणाचा डबा हँडलला, मागे कॅरिअरवर कधी पिठाची पिशवी, कधी मूल. कामगाराला बसची वाट पाहावी लागत नसे आणि पेट्रोलची किंमत विचारावी लागत नसे. शहर लांबवर पसरले, बस अपुरी पडली, मोटारसायकल हप्त्यावर मिळू लागली, ही सायकल मागे पडण्याची मोठी कारणे आहेतच. परंतु जो अजूनही सायकल चालवतो, त्याच्या वाट्याला कोणता रस्ता येतो ते पाहा.

रस्त्याची डावी कडा ही त्याची जागा. त्या कडेला मोटारींची रांग उभी असते. सुमारे दोन मीटर रुंदी तेथेच गेली. उभ्या मोटारीचे दार केव्हा उघडेल याचा नेम नाही. ते अंगावर उघडले तर माणूस उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या बसच्या चाकाखाली पडतो. म्हणून जाणता सायकलस्वार त्या रांगेपासून आणखी मीटरभर दूर राहतो. दोन मीटर मोटारीने खाल्ले, एक मीटर भीतीने. उरलेल्या रस्त्यात तो आला की मागचा चालक कर्णा वाजवतो आणि हे लोक रस्त्याच्या मध्ये का येतात, असे रागाने विचारतो. त्यातच एखादी गाडी ‘दोनच मिनिटांसाठी’ म्हणून दुसऱ्या ओळीत उभी राहिली, तर सायकलस्वाराला मान मागे वळवीत वाहत्या रहदारीत शिरण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पायी चालणाऱ्याचे हाल निराळे आहेत. जनता वसाहतीतून पर्वतीच्या पायथ्याशी उतरून सहकारनगरच्या बंगल्यांत धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका घ्या. दिवसातून तीन-चार घरे, म्हणजे तीन-चार फेऱ्या, सगळ्या पायी. पदपथावर स्कूटरी, पदपथ संपतो तेथे मोटारी, म्हणून चालायचे ते डांबरी रस्त्यावरून. कचरावेचक बाई आपला ढकलगाडा पदपथावर चढवूच शकत नाही. भिंतीच्या आधाराने, काठीने चाचपत जाणाऱ्या अंध माणसाची काठी प्रथम मोटारसायकलच्या चाकाला लागते आणि तो थबकतो. गाड्या चढू नयेत म्हणून नगरपालिकांनी मग पदपथच उंच केले. परिणाम असा की गाडीवाला उतरत्या जागेवरून चढतोच, आणि गुडघे दुखणारी म्हातारी मात्र चढू शकत नाही. काही ठिकाणी तोंडाशी खांब रोवले. तेथे मोटारसायकल अडली की नाही कोण जाणे, चाकाच्या खुर्चीतला अपंग माणूस निश्चित अडला.

केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. जवळजवळ पाचवा हिस्सा. यांतील कितीजण पदपथ अडलेला होता म्हणून रस्त्यावर उतरले होते, याचा रकाना त्या तक्त्यांत नाही. रकानाच नसला म्हणजे गुन्हेगारही नसतो.

आता बहुसंख्य कोण आहेत ते पाहू. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगार कामावर कसे जातात, ते विचारले गेले. अशा सुमारे २० कोटी कामगारांपैकी साडेचार कोटी पायी जात होते, सुमारे २ कोटी ६० लाख सायकलवर. आणि मोटार, जीप वा व्हॅनने जाणारे होते शेकडा तीनहूनही कमी. हे आकडे आता जुने झाले आहेत, मोटारी पुष्कळ वाढल्या आहेत. तरीही मोटारवाला अल्पसंख्य आहे आणि रस्त्याची कडा त्याची आहे, हे चित्र पालटलेले नाही. एका मोटारीला सुमारे पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते. तेवढ्यात दहा सायकली सहज उभ्या राहतात.

कायदा नाही असे नव्हे. १९८९ च्या रस्ता नियमांत पदपथावर, चौकाजवळ, पादचारी पट्ट्यांजवळ, बसथांब्यापाशी, शाळा वा रुग्णालयाच्या दारात वाहन उभे करण्यास स्पष्ट मनाई होती. २०१७ च्या नव्या विनियमांनीही पदपथ मोकळाच ठेवावयास सांगितले आहे. २०१९ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवासी वस्त्यांतील पदपथ पादचाऱ्यांसाठी मोकळे करण्याचा आदेश दिला. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने निर्वेध पदपथ हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले. कायद्याची उणीव नाही. तो कोणावर चालतो, एवढाच प्रश्न आहे.

मुंबईतील जुनी हकिकत आठवा. १९८१ च्या पावसाळ्यात अंतुले सरकारने फुटपाथवर राहणाऱ्यांना हाकलण्याचा निर्णय घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, ही मोठी गोष्ट झाली. पण त्याचबरोबर पदपथ ही चालणाऱ्यांसाठी असलेली सार्वजनिक जागा आहे, तिच्यावर खासगी वापरासाठी कोणालाही हक्क सांगता येणार नाही, असेही बजावले आणि पावसाळ्यानंतर झोपड्या हटविण्यास मोकळीक दिली. त्याच महिन्यात फेरीवाल्यांच्या खटल्याचाही निकाल लागला. फेरीवाल्याला जागा किती मिळावी? एक मीटर लांब, एक मीटर रुंद.

एक चौरस मीटर, कॉम्रेड्स. त्या एक चौरस मीटरवर एक कुटुंब जगते. त्याच्यासाठी परवाना, पाहणी, हप्ता आणि अधूनमधून महापालिकेची गाडी येऊन माल उचलून नेणार. शेजारी बारा चौरस मीटरवर एक मोटार सकाळपासून उभी असते. तिचा मालक वरच्या मजल्यावर वातानुकूलित खोलीत असतो, आणि तिला अतिक्रमण हा शब्द कोणी लावीत नाही. पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे हे तत्त्व मला मान्य आहे. ते हातगाडीला लागू आणि मोटारगाडीला गैरलागू, हे मान्य नाही.

मोटारवाला म्हणतो, आम्ही कर भरतो. कोणता कर? वाहन कर जातो राज्य सरकारकडे, आणि तो वाहन वापरण्याचा कर आहे, जमीन वापरण्याचा नव्हे. गल्लीबोळातील रस्ते बांधते महापालिका, आणि तिच्या तिजोरीत भाड्याच्या खोलीत राहणारा पादचारीही भर घालतोच. शिवाय मोटारवाल्यालाच सारे खापर लावू नये. बांधकामाचा नकाशा मंजूर करून घेताना तळघरात वाहनतळ दाखवायचा, इमारत उभी राहिली की तेथे गोदाम नाही तर दुकान थाटायचे, हा उद्योग प्रत्येक शहरात उघडपणे चालतो. गिऱ्हाइकांच्या गाड्या मग रस्त्यावर येतात. मंगल कार्यालयाचा मालक लाखाने भाडे घेतो आणि पाहुण्यांच्या गाड्यांचा भार शेजारच्या पदपथावर टाकतो. नफा खासगी आणि जागेचा खर्च सार्वजनिक, ही रीत आपण इतर क्षेत्रांत ओळखतो; येथे तिला आपण ‘बेशिस्त’ असे सौम्य नाव देतो.

आता आपल्या अडचणीच्या भागाकडे येतो. २०१८ च्या मार्चमध्ये पुणे महापालिकेने वाहने उभी करण्यास शुल्क आकारणारे धोरण मंजूर केले. विरोध एवढा झाला की संपूर्ण शहराऐवजी पाच रस्त्यांवर प्रायोगिक अंमल करण्याचे ठरले, आणि तोही वर्षानुवर्षे रखडला. आपल्यापैकीही काहींनी त्या वेळी सांगितले की हा सामान्य माणसावरील बोजा आहे. त्यात तथ्य होते. बस अपुरी, म्हणून कामगाराने कर्ज काढून मोटारसायकल घेतली. घरोघर डबे आणि पार्सले पोचविणाऱ्या पोराची तर ती भाकरीच आहे. त्याच्याकडून तासाला पैसे घेऊन ते ठेकेदाराच्या खिशात घालायचे असतील, तर विरोध केलाच पाहिजे. परंतु त्या विरोधाच्या आडोशाने मोठ्या मोटारींना फुकट जमीन मिळत राहिली, आणि ज्याच्याकडे दुचाकीही नाही तो आपल्या हिशेबातून सुटला. सामान्य माणूस म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर गाडीवाला उभा राहिला, पायी चालणारा नाही. ही आपली चूक होती असे माझे मत आहे. कोणाला ते पटत नसेल तर चर्चेत अवश्य मांडावे.

माझी भूमिका अशी : सायकलीला कधीही शुल्क नको, कामाच्या दुचाकीला नाममात्र, मोटारीला त्या भागातील जमिनीच्या किमतीच्या प्रमाणात. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने स्वतःच म्हटले आहे की शुल्कात जमिनीचे मूल्य दिसले पाहिजे, आणि रस्त्याची वाटणी वाहनांना नव्हे, माणसांना केंद्रस्थानी ठेवून व्हावी. वसुली ठेकेदाराकडे न देता पालिकेने करावी आणि तो पैसा बससेवेकडे जावा. जपानमध्ये १९६२ पासून गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दिल्याखेरीज मोटार घेता येत नाही. तो काही समाजवादी देश नव्हे.

दिल्लीहून आणि कोलकात्याहून आलेल्या कॉम्रेड्सना हे सारे ओळखीचे वाटेल. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद असा बसमार्ग झाला, त्याला सायकलींसाठी वेगळी पट्टी होती. मोटारवाल्यांच्या मार्गिका अरुंद झाल्या म्हणून गहजब झाला, न्यायालयात दावा गेला. तो २०१२ मध्ये फेटाळला गेला, तरी २०१६ मध्ये मार्ग उखडलाच. कोलकात्यात २०१३ मध्ये पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलबंदी केली, कारण रहदारी मंदावते! दूधवाला, पेपरवाला, कारागीर यांची सायकल अडथळा ठरली. त्याच शहरात कडेला उभ्या असलेल्या मोटारी अडथळा ठरल्या नाहीत. आपल्या पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. २००६ च्या बसमार्गालगत बांधलेल्या सायकल पट्ट्यांवर कित्येक ठिकाणी आज मोटारी उभ्या असतात किंवा दुकानांचा माल पसरलेला असतो. पट्टी बांधायला निविदा निघते, ती मोकळी ठेवायला निविदा निघत नाही. म्हणून बांधण्यात सर्वांना रस आणि राखण्यात कोणालाच नाही.

करायचे काय? शाखेने आपल्या वॉर्डातील एक रस्ता निवडावा. मोजपट्टी घेऊन पदपथाची कागदावरची रुंदी आणि चालण्यास उरलेली रुंदी लिहावी. सकाळी पाळीच्या वेळी आणि संध्याकाळी, किती माणसे पायी गेली, किती सायकली गेल्या, किती मोटारी उभ्या होत्या, ते मोजावे. तळघरांचे मंजूर नकाशे माहितीच्या अधिकारात मागवावेत. घरकामगार, फेरीवाले आणि कचरावेचक यांच्या संघटनांना बरोबर घ्यावे. फेरीवाला आणि पादचारी यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा प्रयत्न लगेच होईल. म्हणून दोघांची बैठक मोर्चाच्या आधी घ्यावी, नंतर नव्हे.

शेवटी एक व्यवस्थेची सूचना. मी सकाळी आलो तेव्हा या इमारतीसमोरच्या पदपथावर अकरा मोटारसायकली उभ्या होत्या. सातांवर आपल्या संघटनांची चिकटपत्रे आहेत. शाळेत जाणारी पोरे त्यांना वळसा घालून रस्त्यावरून जात होती. मागच्या आवारात जागा आहे, मी पाहून आलो. फाटकाची किल्ली पहारेकऱ्याकडे आहे. जेवणाच्या सुटीत गाड्या तिकडे न्याव्यात, मग चर्चा सुरू करू.