नंबरप्लेटवरचा लिंकन



मी सॉफ्टवेअरवाला, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आपल्या इलिनॉयमध्ये गाडीच्या नंबरप्लेटवरही लिंकन असतो. मीही त्याचा भक्त. एकदा ऑफिसात जेवताना एका कृष्णवर्णीय सहकाऱ्यापुढे त्याचे गुणगान केले. तो शांतपणे म्हणाला, "चार्ल्सटनचं भाषण वाचलंस?"

घरी येऊन वाचले आणि हबकलोच. १८ सप्टेंबर १८५८. याच इलिनॉयमधल्या चार्ल्सटन गावी, सेनेटच्या निवडणुकीतल्या जाहीर वादविवादात लिंकन सांगतो की गोऱ्या-काळ्यांची सामाजिक, राजकीय समता मला नको. कृष्णवर्णीयांना मत नको, ज्यूरीत जागाही नको. ऑगस्ट १८६२ मध्ये तर व्हाइट हाउसमध्ये पाच कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना बोलावून तो त्यांना परदेशी वसाहत करण्याचा सल्ला देतो. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामाही फक्त बंडखोर भागांपुरता. केंटकी, मेरीलँडमधले गुलाम गुलामच राहिले.

मग लिंकनला भिंतीवरून उतरवायचे का? मला नाही वाटत. गुलामगिरी हा अन्याय आहे, हे तो आधीपासून म्हणत होता. समतेपर्यंत मात्र पोचला नव्हता. पुढे युद्धात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक त्याच्या बाजूने उभे राहिले. ११ एप्रिल १८६५ ला, शेवटच्या भाषणात, निदान या सैनिकांना आणि शिकलेल्या कृष्णवर्णीयांना मत मिळावे, असे तो उघडपणे म्हणाला. गर्दीत बूथ उभा होता. तिसऱ्या दिवशी त्याने गोळी घातली.

गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८७६ मध्ये लिंकनच्या पुतळ्यासमोरच सांगितले की हा आधी गोऱ्यांचा अध्यक्ष होता. आणि त्याच भाषणात त्याचे ऋणही मानले. मोठ्या माणसाकडे असे बघता आले पाहिजे.

आता आपल्याविषयी. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. आणि त्याच अमेरिकेत घर शोधताना मी एजंटला विचारले होते, "त्या भागात काळे फार नाहीत ना?" माझ्याकडे तर १८५८ सालची सबबही नाही!

मंडळी, आजचा निधी गावाकडच्या मुलींच्या वसतिगृहासाठी आहे. चेक जरूर लिहूया. पण चेक लिहिणे त्यामानाने सोपे असते. लिंकन सात वर्षांत जेवढा पुढे सरकला, तेवढे तरी आपणही सरकूया.