शनिवार-रविवारचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला 'आजची तरुण पिढी'. माझ्या वयाच्या माणसाला हा विषय दिला की तो काय बोलणार हे ठरलेलंच असतं. मोबाइल, उशिरा उठणं, बाहेरचं खाणं. मग टाळ्या आणि जेवण. मीही तेच बोललो असतो. पण बँकेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे एक खोड लागली आहे, व्हाउचर बघितल्याशिवाय एंट्री पास करायची नाही. म्हणून गेले दोन महिने मी आपल्याकडे भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींना गाठून एवढंच विचारत होतो की बाबांनो, शनिवार-रविवार तुम्ही करता काय? काय आवडतं, काय नाही आवडत?

याची सुरुवात मात्र चांगल्या हेतूने झाली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. येत्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेसाठी एक ठराव आला आहे, 'अविवाहितांना सदनिका भाड्याने देऊ नये.' त्यावर अनुमोदक म्हणून माझी सही आहे. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये चार मुलं राहतात. हिंजवडीला नोकरीला. शनिवारी रात्री स्पीकर, दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग, खुर्च्या सरकवल्याचा आवाज. सौभाग्यवतींची झोप आधीच तोळामासा. तेव्हा एका रविवारी संध्याकाळी चांगलं खडसवायचं म्हणून मी वर गेलो.

दार उघडलं. चौघंही ओट्याशी कुकरभोवती उभे. एकाच्या कानाला फोन, पलीकडे नांदेडहून आई. "पाणी किती घालू गं? वाटीला अडीच का तीन?" मला बघून तो गोंधळला आणि मलाच म्हणाला, "आजोबा, खिचडीत पाणी किती घालतात?" मी म्हटलं, आज स्वयंपाक कसा? तर म्हणाला, "रविवारी संध्याकाळी डबा बंद असतो ना."

अहो, हे वाक्य ऐकलं आणि मी तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलोच.

मी 1974 साली बार्शीहून पुण्याला आलो, बी. कॉम. होऊन, बँकेत कारकून म्हणून. सदाशिव पेठेतल्या खानावळीत रविवारी दुपारी फीस्ट. श्रीखंड किंवा गुलाबजाम, बटाट्याची भाजी, मसालेभात. आणि संध्याकाळी खानावळ बंद! घरच्यांना ही बंद संध्याकाळ कधी कळत नाही, ती फक्त एकट्या राहणाऱ्याला कळते. आम्ही दोन केळी आणि पाव खायचो, पहिली तारीख जवळ असेल तर इराण्याकडे बनमस्का. तेव्हा बँकेला शनिवारी अर्धा दिवस असायचा. कॅश टॅली झाली की दोन-अडीचला सुटका. मग भाड्याची सायकल घ्यायची, कपडे धुवायचे, बार्शीला पोस्टकार्ड लिहायचं, आणि संध्याकाळी बालगंधर्वला नाटकाचं मागच्या रांगेतलं तिकीट मिळतंय का बघायचं. रविवारी पहाटे सिंहगड. आतकरवाडीतून चढायचं, वर मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी. हे माझं आवडतं.

नावडतं एकच होतं, खोली शोधणं. वाड्यांतून हिंडायचो. पहिला प्रश्न गाव कोणतं, दुसरा आडनाव, तिसरा लग्न झालंय का. नाही म्हटलं की दार लोटलं जायचं. सात ठिकाणी नकार मिळाला. शेवटी जिथे खोली मिळाली तिथले नियम होते: रात्री नऊनंतर नळ सोडायचा नाही, मित्र आणायचा नाही, रेडिओ लावायचा नाही. एकदा धाकटा भाऊ परीक्षेसाठी गावाहून आला होता. मालकांनी त्याला रात्री ठेवू दिलं नाही. आम्ही दोघांनी स्टेशनवर रात्र काढली आणि सकाळी तो तसाच पेपरला गेला. त्या मालकांना मी आयुष्यभर नावं ठेवली. आणि पन्नास वर्षांनी त्याच जातीच्या नियमावर मी सही करून बसलो होतो! बरं, ठरावाची भाषाही मीच नीट करून दिली होती.

असो. मुलांनी सांगितलं ते सांगतो. शनिवारी सकाळी काय करता? झोपतो. हे उत्तर एकूण एक जणांनी दिलं. मग वॉशिंग मशीन, केर, आठवड्याची भाजी. वरच्यांपैकी एकजण टर्फवर क्रिकेट खेळतो, तासाचे पैसे सगळे वाटून भरतात. आमच्या वेळी मैदान फुकट होतं, हे सांगायचा मोह मी आवरला. पावसाळ्यात लोहगड, नाहीतर सिंहगडच, अजूनही आतकरवाडीतूनच. सी विंगमधली एक मुलगी दर रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर लावलेल्या झाडांना पाणी घालायला जाते, उन्हाळ्यात कॅन उचलून. आपल्यापैकी रोज टेकडीवर फिरायला जाणारे कितीतरी आहेत, मी धरून. एक कॅन उचलल्याचं मला आठवत नाही.

तिच्याच शेजारची मुलगी अमेरिकेच्या वेळेनुसार काम करते. तिला कंपनीची गाडी पहाटे तीनला सोडते. तिचं नावडतं काय, तर सकाळी दहाला वाजणारी बेल, आणि गेटवरच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलेली वेळ कुणीतरी रोज बघतं, ती गोष्ट. "काका, मी कामावरून येते. मला कुणाला सांगायची गरज नाही, पण सांगावंसं वाटतं, याचाच राग येतो." हे तिचं वाक्य मी घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं. इतरांची नावडतीची यादी साधी आहे. 'लग्न कधी' हा प्रश्न, आपल्या ग्रुपवरचे सुप्रभातचे निरोप, आणि गणपतीची वर्गणी घेतात पण आरतीला बोलवत नाहीत. शेवटची नोंद वाचून मी वर्गणीचं पावतीपुस्तक तपासलं. वरच्या चौघांची पावती माझ्याच अक्षरात आहे.

ही मुलं देवमाणसं आहेत असं मी म्हणत नाही. स्पीकर खरोखरच मोठा होता. फ्रिजमध्ये बिअर होती, मी पाहिली, त्यांनीही मला पाहताना पाहिलं, दोघंही काही बोललो नाही. आवाजाचं मात्र तिथल्या तिथे बोललो. आता रात्री दहाला स्पीकर बंद होतो, खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं बसली, चपलांना रॅक आला. एकदा पावणेअकरा झाले होते, मी फोन केला, बंद झाला. पाच मिनिटांचं काम. त्यासाठी आपण ठराव करायला निघालो होतो.

आणि नियमाचंही बघा. आदर्श उपविधींप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सवर सदनिका देताना सभासदाने संस्थेला आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची. संस्थेने बिनभोगवटा शुल्क घ्यायचं, तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच, शासनाने 2001 साली ठरवल्याप्रमाणे. त्रास देणाऱ्याला, मग तो सभासद असो की भाडेकरू, नोटीस जरूर द्या. पण लग्न झालंय की नाही हा रकाना त्यात कुठेच नाही. मी उपविधी सही करण्याआधी वाचायला हवे होते. बँकेत असतो तर मेमो मिळाला असता.

आपली संस्था 2000 साली नोंदली गेली तेव्हाची आपली पोरं आता बंगळूरला, दुबईला, टोरांटोला आहेत. माझा मुलगाही लग्नाआधी तीन वर्षं बंगळूरला तिघांबरोबर राहिला. त्याला खोली देणाऱ्याने काय विचारलं होतं, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. परवा विचारलं. तो नुसता हसला.

तर चिटणीससाहेब, त्या ठरावावरची माझी सही मी मागे घेतो आहे. तसं पत्र काल तुमच्या पेटीत टाकलं, पोच द्यावी. बाकीच्यांनी काय करायचं ते सभेत ठरवावं.

आणि मागे उभ्या असलेल्या मंडळींनो, उद्या रविवार आहे, डबा बंद. सौभाग्यवतींनी मूगडाळीची खिचडी आणि कढी करायची ठरवली आहे, साडेसातला. ज्यांना यायचंय त्यांनी आज रात्रीपर्यंत सांगा, डाळ-तांदूळ भिजवायचा अंदाज हवा. येताना आपापली ताटं घेऊन या, आमच्याकडे सहाच आहेत.