नवी पिकअप घेण्याआधी

(राणीसावरगाव येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत, आपल्या गाडीचे काम अनेक वर्षे पाहणाऱ्या ज्येष्ठ कार्यकर्त्याने केलेले भाषण थोडे संक्षिप्त करून येथे देत आहोत. – संपादक)

मागे उभी असलेली पोरं आधी खाली बसा, म्हणजे मला बोलता येईल.

मी भाषण करणारा माणूस नाही. माझा जन्म स्टिअरिंगमागे गेला. पण नव्या गाडीचा विषय निघाला आणि अध्यक्ष म्हणाले, "मामा, तुम्हीच सांगा." म्हणून उभा राहिलो.

आपली जुनी पिकअप आता थकली. चेसिसला दोनदा वेल्डिंग झालं, पाटे बसले, आणि पावसाळ्यात दार आतून दोरीनं बांधावं लागतं. देणगीदारांनी विश्वासानं पैसे दिलेत. नवी गाडी दहा लाखांच्या आगेमागे जाते. एवढा पैसा आपल्या हाती पुन्हा लवकर येणार नाही. त्यामुळे चूक करायला जागा नाही.

दोन महिने आपल्यात एकच वाद चालू आहे. अर्धे म्हणतात महिंद्राची बोलेरो पिकअप घ्या, अर्धे म्हणतात टाटाची योद्धा घ्या. एकदोघांचा जीव अशोक लेलँडच्या बडा दोस्तवर आहे. चहाच्या टपरीवर यावरून भांडणं झाली, हेही माझ्या कानावर आलंय. मी दोन्ही कंपन्यांच्या गाड्या चालवल्या आहेत. तेव्हा आधी दोघांचं खरं खरं सांगतो.

महिंद्रानं जीप बांधता बांधता या देशातले कच्चे रस्ते ओळखले. मोठ्या पिकअपच्या वर्गात आज त्यांच्याच गाड्या सर्वांत जास्त खपतात. याचा फायदा असा, की रस्त्यात गाडी बंद पडली तर तिच्यावर हात बसलेला मिस्त्री बहुतेक गावांत सापडतो. इंजिन अडीच लिटरचं, ताकद बेताची, पण ओढ चांगली. २०२३ साली त्यांनी बोलेरो मॅक्सची नवी मालिका आणली. तिच्यात १.३ टनापासून २ टनांपर्यंत माल नेणाऱ्या गाड्या आहेत.

टाटांनी १९८८ साली पिकअप काढली, तिचंच पुढचं रूप म्हणजे २०७. आपल्यातल्या जुन्या लोकांनी भाजीचा, कापसाचा माल त्या २०७ मधून नेलेला आहे. २००५ साली त्यांचा एस आला, त्याला आपण छोटा हत्ती म्हणतो. २०१७ साली योद्धा आली. तिचं इंजिन २.२ लिटरचं आणि ताकद १०० अश्वशक्तीची. भरलेली गाडी घेऊन घाट चढताना हा फरक जाणवतो. २०२२ साली तिचाही २ टनांचा प्रकार आला.

म्हणजे बघा, दोन्ही गाड्या चांगल्या आहेत. यांपैकी कोणतीही घेतली म्हणून संस्था बुडणार नाही. मग चूक कुठे होऊ शकते? ती पासिंगमध्ये होऊ शकते, आणि केबिनमध्ये होऊ शकते. मला बोलायचं आहे ते यावर.

आधी पासिंग. आरसी बुकात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन. मोठ्यातून छोटं वजा केलं की उरतं तेवढंच वजन गाडीत घालायचं. हौद्यात जागा आहे म्हणून भरत सुटायचं नाही. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. दोनशे लिटरचे पाच ड्रम भरले की एक टन झाला, हौदा अर्धा रिकामा दिसत असला तरी. ज्वारीची पन्नास किलोंची चौतीस पोती म्हणजे १,७०० किलो. पस्तिसावं पोतं चढवताना आपण म्हणतो, "एकानं काय होतं?" मग छत्तिसावं चढतं. २०१९ साली कायदा बदलला, तेव्हापासून जास्त माल भरल्याचा दंड २०,००० रुपये आहे, आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. दंड जाऊ द्या. उतारावर ब्रेक लागत नाही, तेव्हा पावती दाखवून गाडी थांबत नाही.

म्हणून काही जण म्हणतात, मोठी, दोन टनांचीच घ्या. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग मी एक रविवार बसून मागच्या वर्षाचं लॉगबुक वाचून काढलं. एक टनापेक्षा जास्त माल नेलेल्या फेऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. त्या बहुतेक सुगीच्या दिवसांतल्या. इथल्या खळ्यांवरून दान मिळालेली ज्वारी आणि तूर घेऊन आपण पालम, लोहा, नांदेड, भोकर, हिमायतनगर करत किनवटला जातो, त्या फेऱ्या. बाकीच्या फेऱ्यांत काय होतं? औषधांची खोकी, वह्यापुस्तकं, बियाण्याच्या पिशव्या, वसतिगृहाचा भाजीपाला. दोन-तीनशे किलोंच्या वर काही नाही. आणि जवळजवळ प्रत्येक फेरीत माणसं.

आता मोठ्या गाडीची दुसरी बाजू. पिकअपला ओढ मागच्या चाकांना असते. हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी पडतात. आपली काळी माती एक पाऊस पडला की कशी होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. गाडी जेवढ्या जड मालासाठी बांधलेली, तेवढे तिचे पाटे कडक. अशी गाडी रिकामी चालवली की ती उडते, घसरते, आणि आतल्या माणसाची कंबर मोडते. शिवाय एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परवाना काढावा लागत नाही. दोन टनांच्या गाडीला तो लागतो. वर्षातल्या आठ-दहा फेऱ्यांसाठी बाकीचे सगळे दिवस हे ओझं का वाहायचं?

आता माणसांचं सांगतो. हे मी आजवर कुठल्या बैठकीत बोललो नाही.

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. किनवटकडच्या कोलामांच्या एका पोडावर धान्य उतरवून मी रिकामी गाडी घेऊन निघालो. आठवडी बाजाराचा दिवस. वाटेत बायका उभ्या होत्या, डोक्यावर मोहाच्या टोपल्या, सोबत लेकरं. त्यांनी हात केला. आपण त्यांच्याचसाठी काम करतो, तर नाही कसं म्हणायचं? मी फाळका उघडला. अकरा जण हौद्यात बसले. पुढे एका वळणावर समोरून बैलगाडी आली, मी बाजूला घेतली, मागचं चाक साइडपट्टीवरून खाली उतरलं आणि गाडी कलंडली. वेग काहीच नव्हता. मी केबिनमध्ये होतो, मला खरचटलंसुद्धा नाही. हौद्यातल्या एका मावशीचा खुबा मोडला.

विम्याचे कागद भरले. उत्तर आलं, की गाडी मालाची आहे, हौद्यातल्या माणसाची भरपाई मिळणार नाही. तेव्हा मला फार राग आला होता. पुढे एका वकील साहेबांनी समजावलं, की यात विमावाल्याची चूक नाही, कायदाच तसा आहे. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसला तर त्याला संरक्षण आहे, ते १९९४ च्या दुरुस्तीनं मिळालं. पण सहज बसवून घेतलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली आशाराणी प्रकरणात सांगितलं आहे. मावशीचा खर्च आपण धान्याच्या फंडातून केला. त्या पुन्हा काठीशिवाय चालल्या नाहीत. मोह वेचायला तर नाहीच गेल्या. पुढे कधी त्यांच्या दारावरून गेलो, तर त्याच मला म्हणायच्या, "चहा घेऊन जा." त्या चहाचा घोट उतरत नसे.

आमचं नशीब म्हणून तेवढ्यावर भागलं. २० मे २०२४ ला छत्तीसगडमध्ये कवर्ध्याजवळ काय झालं, ते तुम्ही वाचलं असेल. तेंदूपानं वेचून परतणारे बैगा आदिवासी पिकअपच्या हौद्यात होते. गाडी दरीत गेली. १९ माणसं गेली, त्यात बहुतेक बायका. ती गाडी कोणत्या कंपनीची होती, हा प्रश्न कुणाला पडला का?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आपण ज्या दोन गाड्यांवरून भांडतो आहोत, त्या दोन्ही एका केबिनच्या आहेत. समोर ड्रायव्हर आणि एखाद-दुसरा माणूस, मागे मोकळा हौदा. असा हौदा रिकामा असला की रस्त्यातला माणूस हात करतो, आणि आपल्याला नाही म्हणवत नाही. तेव्हा आपण डबल केबिनची गाडी घ्यावी. महिंद्राची बोलेरो कॅम्पर आहे, योद्धाचाही डबल केबिनचा प्रकार आहे. ड्रायव्हर धरून पाच माणसं आत, पत्र्याच्या छताखाली, पट्टा लावून बसतात. मागे छोटा हौदा, माल साधारण एक टनाचा. लॉगबुकातल्या बहुतेक फेऱ्या यात बसतात. सुगीच्या धान्यासाठी नांदेडहून मोठा टेम्पो भाड्यानं करू. वर्षाचं भाडं मोठ्या गाडीच्या जादा किमतीच्या आणि डिझेलच्या मानानं जड जाणार नाही. खजिनदार ताईंनी हिशेब मांडावा, मी चुकत असेन तर मला थांबवावं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. डबल केबिन घेतली म्हणजे जीप घेतली असं नाही. तिच्याही कागदावर मालवाहू असंच लिहिलेलं असतं. आत बसायचं ते आपल्या कार्यकर्त्यांनी, मालासोबतच्या माणसांनी. ऑर्डर देण्याआधी आत बसणाऱ्यांचा विमा कसा आणि कुणाकुणाचा उतरतो, हे लेखी विचारून घ्या. रुग्णासाठी १०८ आहे, बाळंतिणीसाठी १०२ आहे. ते नंबर प्रत्येक पोडावर भिंतीवर रंगवा. आता कुणी विचारेल, रात्री दोन वाजता बाई अडली, फोनला रेंज नाही, तर काय करायचं? तर न्यायचं. पण आत, सीटवर, सोबत एक बाई बसवून. हौद्यात नाही.

आता राहिलं टाटा की महिंद्रा. ते ठरवायला मी तीन कामं सांगतो. पहिलं, गंगाखेड, नांदेड आणि किनवट, तिन्हीकडे फोन करा आणि एकच विचारा, "क्लचप्लेट आज मिळेल का?" जिथे दोन दिवस लागतात, तिथे आपली गाडी दोन दिवस उभी राहणार. दुसरं, चालवून बघायची गाडी शोरूमच्या डांबरी रस्त्यावर फिरवू नका. तिच्यात पाच माणसं बसवा, मागे दहा पोती टाका आणि आपल्या बालाघाटाच्या चढावर न्या. मग रिकामी करून तीच वाट पुन्हा करा. तिसरं, रोज गाडी चालवणाऱ्या दोन पोरांना विचारा. एलएमव्ही परवान्यावर ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं, त्यामुळे त्यांच्या परवान्याची अडचण नाही. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती मोकळी व्हायला गाडी मधूनमधून सलग वेगात चालावी लागते. नुसतं गावातल्या गावात फिरवून ती तुंबते. पोरांनो, लॉगबुकात हेही लिहीत जा.

पैशाचंही बोलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. देणगी मागताना आपण जुना दर धरला होता, म्हणजे काही पैसे वाचतील. त्यात टेप आणि चकचकीत चाकं घेऊ नका. चांगली ताडपत्री, जाड दोर, प्रथमोपचाराची पेटी, दुसरी स्टेपनी, आणि पहिल्या वर्षीचा पूर्ण विमा, एवढं घ्या.

शेवटी माझा ठराव. तो आज लिहून घ्या आणि खाली प्रत्येकाची सही घ्या, पहिली माझी. "संस्थेच्या गाडीच्या हौद्यात माणूस बसणार नाही. अध्यक्ष म्हणाले तरी नाही." हेच वाक्य नव्या गाडीच्या फाळक्यावर मोठ्या अक्षरांत रंगवा, मराठीत आणि कोलामीत. वाटेत बायका हात करतील. तेव्हा गाडी थांबवा, खाली उतरा, त्यांना ते वाचून दाखवा, आणि त्यांच्या टोपल्या तेवढ्या घ्या. टोपल्या बाजारात उतरवून ठेवा. त्या चालत येतील, उशिरा येतील, पण पायांनी येतील.

एवढंच सांगायचं होतं. गाडी कोणत्याही कंपनीची आणा, किल्ली घ्यायला मी येईन.