लोकांच्या कामाचे बिऱ्हाड



नाकाडोंगरीच्या व्यासपीठावर संगणकाच्या बिऱ्हाडाविषयी बोलायचे ठरविले, तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. धानाचा भाव आहे, डोंगरी बुजुर्गच्या खाणीतली कंत्राटी मजुरी आहे. ते सोडून हे काय? परंतु चार माणसे मिळून काम करू लागली की त्यांना बसायला जागा लागते, आणि लगेच प्रश्न येतो तो त्या जागेची किल्ली कोणाकडे, हा. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. संगणकाचे जे थोडे समजते ते वाचून आणि पोरांना विचारून समजलेले. किल्लीचा प्रश्न मात्र मला कोणी शिकवावा लागला नाही.

संगणकावर मराठी अक्षरे उमटावयाची तर अक्षरांचा टंक लागतो. ‘लोहित’ हा असाच एक टंक. त्याची मूळ अक्षरे मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या कंपनीची. रेड हॅट कंपनीने २००४ साली निरनिराळ्या भारतीय लिप्यांचे पहिले पाच लोहित टंक मुक्त परवान्याने खुले केले, २०११ साली परवाना आणखी मोकळा केला आणि डागडुजी पुण्यातल्या माणसांनी चालविली. मुक्त परवाना म्हणजे कोणीही घ्यावे, सुधारावे, दुसऱ्यास द्यावे. काम सर्वांचे झाले. पण ते ठेवायचे कोठे? ते फेडोरा मंडळींच्या ‘फेडोराहोस्टेड’ या जागी होते. २०१७ च्या आरंभी ती जागा बंद झाली. लोहित तेथून ‘पागुरे’ नावाच्या नव्या जागी गेला. २०२४ च्या अखेरीस फेडोराने पागुरेही सोडून ‘फोर्जेजो’कडे जाण्याचे ठरविले. मराठी अक्षरांनासुद्धा बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडावे लागते, ते असे.

हे एकट्या लोहितचे नाही. बर्लिओस गेले, गिटोरियस गेले. गूगलसारख्या धनवंताने २००६ साली उघडलेली ‘गूगल कोड’ ही धर्मशाळा २०१६ साली बंद केली. याहूचे ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी मिटले. आपल्या देशात तिरुवनंतपुरमला ‘सरोवर’ नावाचे ठिकाण होते. लिनक्सेन्स या कंपनीची माणसे सेवा म्हणून ते सांभाळीत आणि रिव्हर व्हॅली ही संस्था त्याचा भार उचली. चांगल्या माणसांनी चालविलेले चांगले काम होते. पण चांगुलपणावर उभ्या असलेल्या घराला चांगुलपणा थकला की टेकू राहत नाही. मालक वाईट असतो असे माझे म्हणणेच नाही.

आता बारकावा पाहा. प्रणालीचा मजकूर हल्ली ‘गिट’ पद्धतीने ठेवतात. त्यात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर सगळ्या मजकुराची, जुन्या बदलांसकट, नक्कल असते. घर पडले तरी धान्य घरोघर आहे. परंतु दोन वस्तू घरमालकापाशीच राहतात : मंडळींचा पत्रव्यवहार आणि पत्त्यांची वही. ‘मेलिंग लिस्ट’ म्हणजे एका पत्त्यावर टाकलेले पत्र सर्व सदस्यांना पोहोचविणारी यंत्रणा. ‘मेलमन’ नावाची मुक्त प्रणाली हे काम करते. हा बदल का केला, तो का नाकारला, भांडण कशावरून झाले आणि मिटले कसे, हे सारे त्या पत्रांत असते. मजकूर वाचून काय केले ते कळेल. का केले ते पत्रांवाचून कळत नाही.

वहीचे महत्त्व मला एकदा चांगले कळले. आमच्या संघटनेची कचेरी भाड्याच्या खोलीत होती. संपाच्या दिवसांत घरमालकाने कुलूप घातले, आणि सदस्य-नोंदवही आत! माणसे सारी बाहेर उभी, पण यादीवाचून वर्गणी कोणाची आली नि कोणाची राहिली, कोणास ठाऊक?

मग स्वतःचेच घर का बांधू नये? पैसा फार लागत नाही. लहान सर्व्हरला महिन्याला काही शे रुपये पुरतात. लागते ती राखण. कचरापत्रे रोज निवडावी लागतात, परत आलेल्या पत्रांचा हिशेब ठेवावा लागतो, आणि मोठ्यांचे नियम बदलले की धावपळ होते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने जाहीर केले की, आमच्या सदस्याच्या नावचे पत्र आमच्या दारातून आले नसेल तर ते कोणी स्वीकारू नये. लिस्टचे पत्र तर लिस्टच्या दारातून जाणार! इतर टपालवाल्यांनी ती पत्रे परत पाठविली, आणि यंत्रणेला वाटले की घेणाऱ्याचाच पत्ता मोडला. पत्र लिहिले याहूवाल्याने, आणि टपाल बंद झाले भलत्याच निरपराध्याचे! एवढी राखण दोन-तीन माणसांच्या मंडळाने, दिवसाची नोकरी सांभाळून, कशी करावी? म्हणून सामायिक घर लागते, आणि तेथे राखणदाराला पगारही लागतो. अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २००३ पासून कितीतरी मुक्त कामांना जागा दिली. २०२५ साली तिला अडीच लाख डॉलरांची तूट भरून काढण्यासाठी जाहीर हाक द्यावी लागली. आता कुठे फुकट जागेच्या पाहुण्यांना घरखर्च दिसला.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सहावे कलम होते. संघटनेच्या नियमांत सदस्यांची यादी कशी ठेवावी हे हवे, आणि संघटना विसर्जित कशी करावी हेही हवे, असा त्याचा दंडक. जन्मालाच मरणाची रीत लिहून घेणारे ते कलम मला फार शहाणे वाटत आले. जागा देणाऱ्याला हाच प्रश्न विचारावा : बंद करताना किती महिन्यांची सूचना द्याल? पत्रे आणि वही कोणत्या स्वरूपात हाती द्याल?

समजा, उद्या तुमच्यापैकी कोणी झाडीबोलीचा शब्दकोश मुक्त परवान्याने करायला घेतला. कोणत्या गावाने कोणता शब्द दिला, कोणी हरकत घेतली, हे सारे पत्रांत येईल. जागा खुशाल दुसऱ्याची घ्या. संकेतस्थळाचे नाव मात्र मंडळाच्या नावे नोंदवा, एका पोराच्या नावे नको. तो पुण्याला नोकरीला गेला की नूतनीकरणाची तारीखही त्याच्याबरोबर जाते. महिन्यातून एकदा पत्रांची आणि वहीची नक्कल उतरवून दोन घरी ठेवा. वहीत लोकांचे पत्ते आहेत, तेव्हा ती कुलपात ठेवा. आणि त्या कुलपाच्या किल्ल्या दोघांकडे असू द्या, एक नाकाडोंगरीत आणि एक तुमसरला.