वीस वॉट पुरेत



कवितेच्या माणसानं ॲम्प्लिफायरवर बोलावं, याची काहींना गंमत वाटेल. मलाही वाटते. मी बी.ए. झालेला माणूस. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण गेल्या वर्षी एका कॅसेटपायी मला ओहम आणि डेसिबलच्या नादी लागावं लागलं. त्यात थोडे पैसे गेले, थोडं शहाणपण आलं. आलेलं शहाणपण आज तुमच्यापुढं ठेवतो.

कॅसेट १९८९ सालची, आपाच्या म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातली. गावात पिठाची गिरणी केव्हाच आली होती, पण लग्नाची हळद जात्यावरच दळायची ही रीत आमच्याही घरी होती. घरात आम्ही दखनी बोलायचो. पण अम्मानं जात्याच्या खुंट्याला हात घातला की तिच्या तोंडून ओवी यायची ती मराठी. शेजारचा टेपरेकॉर्डर मागून आणून मी ते अर्धा तास टेप केलं होतं. अम्मा २०११ साली गेली. तिचा आवाज जपणारी घरात ही एकच वस्तू उरली.

गेल्या रमजान ईदला आपा आली, तेव्हा मी ती कॅसेट लावली. घरात वीसेक वर्षांपूर्वी घेतलेला एक संच होता. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५,००० वॉट’ छापलेलं. कॅसेट डेक त्याला जोडला, आवाज वाढवला. खोली नुसती घुमली. आपानं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “ये अम्मा नै रे.” आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

ते वाक्य मला लागलं. दुसऱ्या दिवशी आमच्या गावातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिक काकांकडं गेलो. त्यांनी संच पाहिला, उलटा केला आणि मागच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथं विजेचा वापर लिहिला होता ६० वॉट. काका म्हणाले, “भिंतीतून साठ घेतो आणि बाहेर पाच हजार देतो म्हणतो. असा व्यापार तुम्ही कुठं पाहिलाय?”

श्रोतेहो, पहिला धडा हा. खोक्यावरच्या ‘पीएमपीओ’ या आकड्याला कोणतंही ठरलेलं माप नाही. ज्याला जेवढा हवा तेवढा त्यानं तो छापावा. विचारायचा आकडा ‘आरएमएस’चा, म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीचा. तोही प्रत्येक चॅनेलला किती आणि किती ओहमवर, हे विचारायचं. दुकानदार गडबडला तर मागची पट्टी वाचायची. यंत्र भिंतीतून जेवढं घेतं त्याहून जास्त ते सतत देऊ शकत नाही.

दुसरा धडा असा की वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. कानाला हा फरक कळतो, पण बेताचाच. आवाज दुप्पट झाला असं कानाला वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. म्हणून ५० वॉटचा घ्यावा की ६० वॉटचा यावर रात्र जागवू नये. तो फरक एका डेसिबललाही पोचत नाही.

मग घरात लागतं तरी किती? स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘संवेदनशीलता’ दिलेली असते, समजा ८७ डेसिबल. याचा अर्थ, ढोबळमानानं एक वॉट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळेल. घरातलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत आपण रोज जे ऐकतो ते बहुतेक वेळ एखाद्या वॉटवर किंवा त्याहूनही कमीवर चालतं. तबल्याची थाप, गाण्यातली उंच तान अशा क्षणांना दहा-वीसपट शक्ती लागते. म्हणून वीस-तीस खरे वॉट असले की घरगुती ऐकण्याला पुरे. एनएडी या कंपनीचा ‘३०२०’ नावाचा ॲम्प्लिफायर १९७८ साली आला. किंमत बेताची, रूप साधं आणि प्रत्येक चॅनेलला अवघे २० वॉट. तरीही स्वस्तातल्या चांगल्या ॲम्प्लिफायरचं उदाहरण म्हणून त्याचं नाव आजही घेतात.

मात्र लहान ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळू नये. ताकद संपली की तो ध्वनिलहरींचे शेंडे छाटतो. आवाज फाटतो आणि त्या फाटक्या आवाजानं उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जळू शकतो. आवाज फाटला की बटण मागं फिरवावं.

तिसरा धडा ओहमचा. स्पीकर बहुधा ८, ६ किंवा ४ ओहमचे असतात. ८ ओहमच्या मानानं ४ ओहमचा स्पीकर दुप्पट विद्युतप्रवाह मागतो. ॲम्प्लिफायरच्या मागं ‘६ ते १६ ओहम’ लिहिलं असेल तर त्याला ४ ओहमचा स्पीकर लावू नये. जोडताना तांबडी तार तांबड्याला, काळी काळ्याला. एका बाजूची उलटी लागली तर काही जळत नाही, पण खर्ज पातळ होतो आणि मधोमध बसून गाणारा गवई घरभर विरून जातो. माझ्या जुन्या संचात वर्षानुवर्षं नेमकं हेच झालं होतं. दोष माझाच.

आता प्रकार. पूर्वीपासून चालत आलेला ‘एबी’ वर्गाचा ॲम्प्लिफायर जड असतो, आत मोठा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो तापतो. नवा ‘डी’ वर्गाचा हातात मावेल एवढा असतो. घेतलेल्या विजेचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग तो स्पीकरला पोचवू शकतो, म्हणून फारसा तापत नाही. छोट्या खोलीला आणि छोट्या खिशाला तो उत्तम. फक्त त्याचा अडॅप्टर पाहावा. पेटीवर १०० वॉट छापलेलं असलं, तरी अशा चिपला १२ व्होल्टचा अडॅप्टर दिला तर ८ ओहमच्या स्पीकरला आवाज न फाटता साधारण ९ वॉट मिळतात. २४ व्होल्ट दिले तर ३६च्या आसपास. व्होल्टचा वर्ग करा आणि ओहमच्या दुपटीनं भागा, एवढंच गणित. बी.ए.वाल्याला जमलं, तुम्हालाही जमेल.

ज्यांच्याकडं जुन्या तबकड्या आहेत त्यांनी ‘फोनो’ची सोय आहे का ते पाहावं. सीडी प्लेयर २ व्होल्टपर्यंतचा संदेश देतो, तर तबकडीच्या सुईकडून येतो तो मोजक्या मिलिव्होल्टचा. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि उंच सूर चढवलेला असतो, तो परत सरळ करावा लागतो. हे काम फोनोचं सर्किट करतं. ते नसेल तर वेगळी छोटी पेटी मिळते.

जुना घ्यायलाही हरकत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली या वाटा ठाऊक असलेला जाणकार सोबत न्यावा. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते का, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, गाणं बंद असताना गुणगुण येते का, हे पाहावं. अर्धा तास चालू ठेवून तापतो किती, तेही बघावं. जुन्या यंत्रातले कपॅसिटर वयानं सुकतात. ते बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. आणि एकूण पैशातला मोठा वाटा स्पीकरला द्यावा, कारण आवाजात खरा फरक स्पीकर आणि खोली पाडतात. उघड्या भिंतींच्या खोलीत एक जाड पडदा आणि एक सतरंजी पुष्कळ काम करते.

मी अखेर २५ वॉटचा एक जुना ‘एबी’ वर्गाचा ॲम्प्लिफायर साडेपाच हजारांना घेतला आणि दोन छोटे स्पीकर नवे. घरी आणून कॅसेट लावली. घुमणं गेलं होतं, पण अम्माचा आवाज अजून गोधडीखालून आल्यासारखा. मी निराश झालो. पुन्हा काकांकडं.

काका म्हणाले, “ॲम्प्लिफायर जे येतं ते मोठं करतो. जे येतच नाही, ते कुठून आणेल?” कॅसेट एका यंत्रावर भरलेली, वाजवतो दुसऱ्यावर. दोन्हींच्या हेडचा कोन किंचित वेगळा असला तरी आवाजातली धार जाते. त्यांनी बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला, टेप चालू ठेवून हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवला, आणि गोधडी बाजूला झाली. जात्याची घरघर वेगळी झाली, बांगड्या वेगळ्या झाल्या, आणि ओवी सुरू करण्याआधी अम्मा श्वास घ्यायची तो श्वास ऐकू आला. हा श्वास मी पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता. त्याच दिवशी काकांच्या दुकानात बसून त्या कॅसेटची संगणकावर प्रत करून घेतली. जुन्या टेपचा भरवसा नसतो.

बकरी ईदला आपा आली. मी काही न बोलता लावलं. उत्साहाच्या भरात बटण जरा जास्तच फिरवलं होतं. आपा चुलीपाशी उभ्यानं ऐकत होती. मग येऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, “जरा हलू कर रे. अम्मा इत्ता जोर से कब गाती थी?”

मी बटण मागं घेतलं. ॲम्प्लिफायर जेमतेम अर्धा वॉट देत असेल.