इच्छादेवीच्या पायथ्याची शेती



सातपुड्याच्या टेकडीवर श्रीइच्छादेवीचे स्थान आणि पायथ्याशी इच्छापुर. बऱ्हाणपूरहून मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या मार्गावरील या गावी नवरात्रात दोन्ही प्रांतांतील शेतकरी देवीच्या पायऱ्या चढतात. या भागाचे वैभव केळीवर उभे आहे आणि चिंताही तिचीच. केळ वर्षभर पाणी मागते. तापीकाठच्या विहिरी अपुऱ्या पडल्या, कूपनलिका आल्या, आणि भूजल खाली खाली जात राहिले.

अशा ठिकाणी एकट्या शेतकऱ्यास दिलेले शिक्षण अपुरेच ठरते. एकाने ठिबक सिंचनाने वाचविलेले पाणी शेजारची खोल कूपनलिका ओढून घेते. भूगर्भात बांध नसतात. सरकारी शिबिरास शेतकरी एकेकटा जातो, देवदर्शनास मात्र सारे गाव लोटते. या कार्यात धर्मसंस्थेचे सामर्थ्य एवढेच; पण ते थोडे नव्हे.

सौराष्ट्रात १९८५ ते १९८७ या वर्षांतील अवर्षणानंतर याचा प्रत्यय आला. रोहे येथे जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले (१९२०–२००३) यांच्या स्वाध्याय परिवारातील शेतकऱ्यांनी शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी आपापल्या विहिरींत वळविले. गढूळ पाणी आधी खड्ड्यात निवळू द्यायचे, मग विहिरीत सोडायचे, इतकी साधी ती रीत. प्रवचनास जमणाऱ्या मंडळींतून ती गावोगाव पसरली. याच परिवाराच्या योगेश्वर कृषीत गावकरी वर्षातील काही दिवस पुजारी या नात्याने सामायिक शेतात राबतात. उत्पन्न देवाचे मानले जाते आणि गरजूंच्या उपयोगी पडते. तेथे कसणे व शिकणे निराळे राहत नाही.

तथापि नुसत्या श्रद्धेने जमिनीतील उणीव कळत नाही. माती तपासावीच लागते. कोल्हापूरजवळच्या कणेरी येथील सिद्धगिरी मठाने कृषी विज्ञान केंद्र चालविले आहे, ते याचसाठी महत्त्वाचे. मठावरील विश्वासाने आलेल्या शेतकऱ्यास तेथे कृषितज्ज्ञ भेटतो. गोमय व जीवामृत यांचा महिमा सांगणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवलेले बरे.

बऱ्हाणपूरला तर दूर पाहावयाचेही कारण नाही. सातपुड्यात मुरलेले पाणी भूमिगत मार्गाने नगरास पुरविणारा कुंडी भंडारा १६१५ साली याच भूमीत बांधला गेला. तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेसाठी २०२५ साली दोन्ही राज्यांत करार झाला आहे. ती आपल्या गतीने पुढे जाईल. विहिरीजवळचा खड्डा मात्र घरच्या माणसांना खणता येतो. घड उतरल्यावर बांधावर फेकले जाणारे केळीचे खोड तुकडे करून शेतातच आच्छादिले, तर ओल टिकते आणि खोडातील पालाश मातीस परत मिळते.

चैत्री नवरात्र आणि मृग यांमध्ये सुमारे दोन महिने मिळतात. उत्सवात एखाद्या शेतावर सर्वांसमक्ष एक खड्डा खणून दाखवावा. उरलेल्या विहिरींचे काम आळीपाळीने, परस्परांच्या श्रमाने, पहिल्या पावसाआधी उरकता येईल.