कॅम्पला जाऊन काय मिळतं?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कॉलेजातील राष्ट्रीय सेवा योजनेचे, म्हणजे आपण ज्याला एन.एस.एस. म्हणतो त्याचे, अनुभव सांगावेत असा निरोप समितीने आम्हां सहाजणांना दिला. त्याबद्दल समितीचे आभार. आम्ही सहाहीजण याच वस्तीतले. चार मुलगे, दोन मुली. १९९१ ते १९९७ या काळात, मराठवाड्यातल्या एकाच कॉलेजात, मागेपुढे शिकलो. आज आमच्यात कोणी परिचारिका आहे, कोणी शिक्षिका, कोणी एस.टी.त, कोणी स्वतःचं दुकान चालवतो. माईकसमोर एकजण उभा असला तरी मजकूर सहाजणांनी बसून लिहिला आहे. म्हणून आम्ही ‘मी’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणतो.

वस्तीत आजही एक प्रश्न कानावर येतो. पोरगं कॉलेजातून फॉर्म घेऊन येतं आणि म्हणतं, सात दिवसांचा कॅम्प आहे, सही करा. आईवडील विचारतात, “कॅम्पला जाऊन काय मिळतं? खड्डे खणायला का कॉलेजात घातलं?” प्रश्न चुकीचा नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे खड्डे खणले, त्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचं उत्तर द्यायला आम्ही उभे आहोत.

आधी थोडी माहिती. विद्यार्थ्यांनी देशसेवेसाठी काही काळ द्यावा, हा विचार स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू झाला. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ही सेवा सक्तीची करावी असं तिचं मत होतं. पुढे सक्ती नको, राजीखुशी हवी, असं ठरलं. अखेर महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, त्यावेळचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू केली. तेव्हा स्वयंसेवक होते सुमारे ४० हजार. नियम साधा आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम आणि एक निवासी शिबिर. आमच्या वेळी शिबिर दहा दिवसांचं असे, आता सात दिवसांचं असतं. बोधवाक्य आहे, ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’. छातीवर लावायच्या बिल्ल्यावर चक्र असतं. आमच्यातल्या एकाच्या आजीनं ते अशोकचक्र समजून बिल्ला डोळ्यांना लावला होता. ते चक्र ओडिशातल्या कोणार्क मंदिराच्या रथाचं आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे चोवीस तास. चोवीस तास सेवेला तयार राहायचं, असा त्याचा अर्थ.

आमच्या प्रमाणपत्रांचीही एक गोष्ट आहे. आमच्यातल्या पहिल्या दोघांच्या प्रमाणपत्रावर ‘मराठवाडा विद्यापीठ’ असं छापलेलं आहे. पुढच्या चौघांच्या प्रमाणपत्रावर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असं आहे. मध्ये १४ जानेवारी १९९४ हा दिवस आहे. त्या दिवसासाठी काय काय मोजावं लागलं, ते या सभेत सांगण्याची गरज नाही.

आता अनुभवांकडे वळतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली, आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं भुईसपाट झाली. हजारो माणसं गेली. आमच्यातले दोघेजण कॉलेजच्या तुकडीबरोबर तिकडं गेले होते. त्यांनी पाहिलं ते असं. माणसं धरणीकंपानं मेली, त्याहून जास्त घरांनी मारली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. वर्षानुवर्षं गारव्यासाठी थर चढवलेलं छप्पर झोपेतल्या माणसांवर आलं. काही ठिकाणी कुडाचं, पत्र्याचं हलकं घर असलेला गरीब वाचला आणि वाड्यातला गेला.

तिथं आमच्याकडं काम आलं ते कपड्यांचं. ट्रकच्या ट्रक भरून जुने कपडे येत होते, रस्त्याकडेला ढीग पडत होते. आम्ही ते वेगळे करत बसलो. बायकांचे, पुरुषांचे, लेकरांचे, आणि कुणालाच न चालणारे. शेवटचा ढीग सर्वांत मोठा असे. एक बाई दिवसभर त्या ढिगाकडं पाहत बसली होती, हात लावत नव्हती. तिला कपडे नको होते, तिला पातेलं पाहिजे होतं. शिजवायला काहीच नव्हतं. आमच्या तुकडीनं त्या रात्री सरांना यादी करून दिली: पातेली, कंदील, काडेपेटी, बादल्या. दान देणाऱ्याच्या घरात काय जास्त झालं आहे यापेक्षा घेणाऱ्याला काय हवं आहे हे आधी विचारावं, हा धडा पुस्तकात नव्हता. तो त्या माउलीनं न बोलता दिला.

दुसरा अनुभव १९९५ च्या जानेवारीतल्या शिबिराचा. गावाचं नाव सांगत नाही, कारण तसं गाव एकच नाही. मुलांचा मुक्काम समाजमंदिरात, मुलींचा शाळेच्या खोल्यांत, सोबत मॅडम. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, नंतर घरोघर सर्वेक्षण, रात्री गावकऱ्यांसमोर नाटुकली, गाणी. स्वयंपाक पाळीपाळीनं आमचाच. पिठलं जळालं तरी तेच खायचं.

गावात पाऊल ठेवल्या ठेवल्या पहिला प्रश्न आला, “पोरा, आडनाव काय?” हा प्रश्न कशासाठी विचारतात ते आपल्याला ठाऊक आहे. आमच्यातल्या मुलीनं आडनाव ठणकावून सांगितलं आणि पुढं म्हणाली, “आजी, आता तुमच्या घरात माणसं किती ते सांगा, मला लिहायचंय.” आजीनं सांगितलं. तक्त्यात नोंद झाली.

शिबिराचं काम होतं वीस शोषखड्डे. शोषखड्डा म्हणजे काय, ते लहान मुलांसाठी सांगतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा घ्यायचा. तळाला मोठे दगड, मधे मध्यम, वर बारीक खडी. वर भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाच्या शेंड्या, म्हणजे कचरा अडकतो. मोरीचं पाणी त्यात सोडलं की ते जमिनीत मुरतं. गल्लीत डबकं राहत नाही, डास होत नाहीत. ग्रामपंचायतीनं वीस घरांची यादी तयारच ठेवली होती. वीसही घरं वरच्या आळीतली.

सर्वेक्षणात दोघी मुलींना वेगळंच दिसलं. गावात हातपंप तीन. तिसरा बौद्धवाड्याच्या तोंडाशी. त्याचा ओटा फुटलेला, सांडलेलं पाणी पंपाच्या पायाशीच साचून हिरवं झालेलं. तेच पाणी फटीतून खाली उतरत होतं आणि पुन्हा वर उपसलं जात होतं. त्या वाड्यात पोरांना जुलाब लागलेली घरं त्यांनी एकेक करून लिहून आणली. यादीत मात्र हा पंप नव्हता.

रात्रीच्या बैठकीत सरपंच हजर होते. मुलगी तक्ता घेऊन उभी राहिली. सरपंच म्हणाले, “तिकडचं नंतर बघू, निधी आला की.” सर गप्प होते. ती म्हणाली, “काका, निधी नको. टिकाव आमचे, हात आमचे. गावात सर्वांत मोठं डबकं कोणतं, तेवढंच सांगा. काम तिथून सुरू करू.” बैठकीत शांतता झाली. मग सर म्हणाले, “तक्ता पुन्हा एकदा वाच.” तिनं वाचला. दुसऱ्या दिवशीचं काम ठरलं.

सकाळी आठ-दहाजणांचं एकदम पोट दुखू लागलं. ते शाळेतच राहिले. बाकीचे गेले. ओटा दुरुस्त केला, नाली काढली, पंपापासून चांगलं अंतर सोडून दोन खड्डे घेतले. वाड्यातली माणसं आमच्याआधीच फावडी घेऊन उभी होती. दुपारी तिथल्या बायांनी तांब्यानं पाणी आणलं. बहुतेकजण प्यायले. तिघं न पिता पुन्हा टिकावाकडं वळले. दुसऱ्या दिवशी त्या तिघांतला एक प्यायला. झालं तेवढंच सांगतो, फुगवून सांगत नाही. पाण्याची गोष्ट आपल्या घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ठरलेले वीस खड्डेही शिबिर संपायच्या आत पूर्ण झाले. वरच्या आळीचं काही कमी झालं नाही.

तिसरा अनुभव आपल्याच वस्तीतला. ९ डिसेंबर १९९५ ला देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली. त्या वर्षी तीन वर्षांखालच्या बाळांना डोस होता. आम्ही घरोघर जाऊन आयांना बूथवर बोलावत होतो. “लेकरू धडधाकट आहे, कशाला औषध?” असं कित्येकींनी विचारलं. एकेका दारात अर्धा अर्धा तास बसलो. आज या सभेत बसलेली काही तरुण मंडळी तेव्हा आमच्याच कडेवर बूथवर गेली आहेत! देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या मोठ्या कामातले आमचे दोन थेंब. पण ते आमचे आहेत.

रक्तदानाचंही सांगतो. वय अठरा, वजन निदान ४५ किलो, प्रकृती चांगली, एवढं असलं की ३५० मिलीलीटर रक्त देता येतं. ताकद जात नाही. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. आमच्यातली जी परिचारिका आहे ती म्हणते, रक्ताच्या पिशवीवर रक्तगट लिहितात, तारीख लिहितात, आडनाव लिहीत नाहीत.

बंधूभगिनींनो, या योजनेत सगळंच सोनं आहे असं आम्ही म्हणणार नाही. बॅनर लावायचा, फोटो काढायचा आणि घरी जायचं, अशी शिबिरंही होतात. दरवर्षी त्याच खड्ड्यात झाड लावतात, हा विनोद आम्हीही ऐकला आहे. वाढीव गुणांसाठी नाव नोंदवणारे असतातच. पण म्हणूनच आपली मुलं तिथं पाहिजेत. यादी कुणी केली, काम कुठपर्यंत पोचलं आणि कुठं थांबलं, हे ज्यांनी भोगलेलं असतं त्यांच्याच डोळ्याला पटकन दिसतं.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. कॅम्पला जाऊन काय मिळतं? आपल्या पोरांकडं बाहेरचं जग ‘सवलतीवाले’ म्हणून बघतं. म्हणजे कायम घेणारे. कॅम्पमध्ये आमच्या पोरीनं आधी तक्ता दिला, मग खड्डा दिला. गावाला काहीतरी देणारी म्हणून ती उभी राहिली, आणि वरच्या आळीनं ते घेतलं. ‘आम्ही देऊ शकतो’ ही जाणीव विसाव्या वर्षी एकदा अंगात भिनली की पुढं मुलाखतीत, नोकरीत, सासरी, कुठंही मान खाली जात नाही. खड्डे आपल्या आजोबांनीही खणले. फरक एवढाच की त्यांना कुठं खणायचं ते दुसरे सांगत. आमच्या पोरीनं ते स्वतः ठरवलं.

शेवटी दोन विनंत्या. पहिली आईवडिलांना. मुलांच्या फॉर्मवर सही करता, तशी मुलींच्याही करा. मुक्कामाची सोय काय, सोबत मॅडम कोण, हे कॉलेजात जाऊन जरूर विचारा. पण विचारून झाल्यावर सही करा.

दुसरी विनंती तरुणांना. कॅम्पमध्ये दुसऱ्या गावाचं सर्वेक्षण करता, तसं एकदा आपल्या वस्तीचं करा. कुठल्या गल्लीत पाणी साचतं, कुठल्या घरातलं पोर शाळा सोडून बसलं आहे, कोण म्हातारं एकटं आहे. कोरे तक्ते आम्ही छापून आणले आहेत. ते विहाराच्या टेबलावर, नोंदवहीशेजारी ठेवले आहेत. भोजनदान झालं की प्रत्येक गल्लीच्या दोघांनी एकेक तक्ता घेऊन जावा. पुढच्या पौर्णिमेला भरून आणावा. मग यादी आपण मिळून करू, आणि सर्वांत मोठ्या डबक्यापासून सुरुवात करू.

एवढं बोलून आमचे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय, जयभीम.